व्हल्गर : एका बदनाम विशेषणाची कुळकथा

मराठी बोलताना इंग्रजी शिवी वापरली की तिचा डंख कमी होतो, असा आपल्याकडे एक समज आहे. एखाद्याला ‘गावंढळ’ म्हटले तर तो दुखावतो आणि म्हणणाराही थोडा ओशाळतो. ‘व्हल्गर’ म्हटले की म्हणणारा सुशिक्षित ठरतो. लग्नातला सोन्याचा भपका व्हल्गर, चित्रपटातले गाणे व्हल्गर, शेजाऱ्याच्या घराचा पोपटी रंग व्हल्गर, पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फलक व्हल्गर, नाटकातला विनोद व्हल्गर, आणि एखादी कविता सोसली नाही तर तीही व्हल्गरच. या सहा गोष्टींत समान काय आहे? पहिली श्रीमंतीची, दुसरी बहुधा लैंगिक सूचनेची, तिसरी रंगाची, चौथी आत्मप्रौढीची, पाचवी भाषेची आणि सहावी आणखी कशाची तरी. समान आहे ते एवढेच की, बोलणारा माणूस या सर्वांपासून चार पावले दूर उभा आहे आणि ते अंतर त्याला दाखवायचे आहे.

गेली काही वर्षे मी या एका विशेषणाच्या मागे आहे. मी भाषाशास्त्राचा पदवीधर नाही. तालुक्याच्या गावी माझे औषधांचे दुकान आहे आणि गिऱ्हाईक नसलेल्या वेळात शब्दकोश वाचायची सवय आहे. हा शब्द मला भेटला तो साहित्यात नव्हे, मुरुमांच्या मलमाबरोबर येणाऱ्या माहितीपत्रकात. तरुण मुलामुलींच्या चेहऱ्यावर येणाऱ्या साध्या मुरुमांना वैद्यकात ‘अ‍ॅक्ने व्हल्गॅरिस’ म्हणतात. सोरायसिसचा नेहमी आढळणारा प्रकार ‘सोरायसिस व्हल्गॅरिस’, कातडीच्या क्षयाचा एक प्रकार ‘ल्यूपस व्हल्गॅरिस’. येथे ‘व्हल्गॅरिस’चा अर्थ फक्त ‘नेहमीचा, सर्वत्र आढळणारा’ एवढाच आहे. एकदा एका वडिलांनी मुलीच्या कागदावरचे हे नाव वाचले आणि आवाज खाली आणून विचारले, “हे व्हल्गर म्हणजे काय लिहिलंय हो डॉक्टरांनी? पोरीनं काय केलंय?” मी त्यांना समजावले, ते हसले आणि गेले. मुलगी मात्र मान खाली घालून उभी होती. ‘सर्वसाधारण’ असा अर्थ असलेला शब्द एका पोरीची मान खाली घालायला लावतो, याचा उलगडा कोणत्याही एका कोशाच्या नोंदीत होणार नव्हता. त्यासाठी शब्दाची कुळकथाच काढावी लागली.

गर्दीचा शब्द

लॅटिनमध्ये ‘व्हल्गुस’ म्हणजे लोकसमुदाय, गर्दी, सामान्य जन. त्यावरून ‘व्हल्गारिस’ म्हणजे लोकांचे, लोकांत रूढ असलेले. एखादी गुप्त गोष्ट उघड करणे या अर्थाचे ‘डायव्हल्ज’ हे इंग्रजी क्रियापदही याच कुळातले. मुळात ते ‘गर्दीत पसरवणे’ आहे. गर्दीबद्दलचा तिटकारा रोमन लोकांतही होताच. होरेस या कवीने आपल्या एका प्रसिद्ध ओडची सुरुवात सामान्य गर्दीचा आपल्याला तिरस्कार आहे, असे सांगूनच केली आहे. तरी विशेषणाची मुख्य कामगिरी वर्णन करण्याची होती, निंदा करण्याची नव्हती.

याचा मोठा पुरावा ख्रिस्ती धर्मग्रंथात आहे. इ. स. ३८२च्या सुमारास पोप दमासस यांनी संत जेरोम यांना बायबलच्या लॅटिन भाषांतराचे काम दिले. जेरोम यांच्या नावाने चालत आलेले हे भाषांतर पुढे ‘व्हल्गेट’ म्हणून ओळखले गेले, म्हणजे सर्वत्र प्रचलित पाठ. १५४६मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने त्यालाच अधिकृत मानले. गंमत अशी की तोवर लॅटिन ही युरोपातल्या शेतकऱ्याची वा विणकराची भाषा राहिली नव्हती. ‘लोकांचे’ म्हणून नाव पडलेले पुस्तक लोकांनाच कळत नव्हते. ते लोकांच्या भाषेत आणण्याच्या खटपटीत विल्यम टिंडेल या इंग्रज भाषांतरकाराला १५३६मध्ये देहदंड झाला. आणि इंग्लंडच्या चर्चच्या १६६२च्या प्रार्थनापुस्तकात मात्र बाप्तिस्म्याच्या वेळी सूचना आहे की, मुलाला प्रार्थना आणि दहा आज्ञा ‘व्हल्गर’ भाषेत शिकवाव्यात. त्या सूचनेत तुच्छता नाही. व्हल्गर भाषा म्हणजे आईची भाषा.

ज्ञानाच्या इतर प्रांतांतही हा शब्द असाच निरुपद्रवी नांदत होता. टॉमस ब्राउन या वैद्याने १६४६मध्ये लोकांतल्या चुकीच्या समजुतींवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. तो ‘व्हल्गर एरर्स’ या सुटसुटीत नावानेच ओळखला जातो. चुका व्हल्गर, म्हणजे सर्वत्र पसरलेल्या. इसवी सनाला सतराव्या शतकात ‘व्हल्गर एरा’ म्हणत; आज ज्याला इंग्रजीत ‘कॉमन एरा’ म्हणतात तीच ही कल्पना. लिनियसने १७५३च्या आपल्या वनस्पतिग्रंथात बीटला ‘बीटा व्हल्गॅरिस’ आणि घेवड्याला ‘फॅसिओलस व्हल्गॅरिस’ ही नावे दिली. आपण आवडीने खातो तो राजमा याच घेवड्याचा दाणा. पंजाबी जेवणाला कोणी व्हल्गर म्हटल्याचे ऐकिवात नाही.

इंग्रजी गणितात तीन-चतुर्थांश, पाच-अष्टमांश अशा अपूर्णांकांना ‘व्हल्गर फ्रॅक्शन’ म्हणतात. आपल्या पाठ्यपुस्तकांनी त्यांना ‘व्यवहारी अपूर्णांक’ असे नाव दिले. ज्याने कोणी हे नाव दिले त्याला मी मनोमन नमस्कार करतो. त्याने शब्दाचा आजचा अपमानकारक अर्थ बाजूला सारून त्याचे मूळ काम ओळखले. बाजारात, वाटणीत, मापात लोक जो अपूर्णांक वापरतात तो व्यवहारी. ‘व्हल्गर’ या शब्दाचे मराठीतील सर्वांत न्याय्य भाषांतर साहित्यिकांनी केले नाही, गणिताच्या मास्तरांनी केले.

दांते आणि ज्ञानदेव

इटालियन कवी दांते याने १३०३-०५च्या सुमारास ‘दे व्हल्गारी एलोक्वेन्तिया’ हा ग्रंथ लिहायला घेतला आणि तो अपुरा राहिला. नावाचा सरळ अर्थ ‘लोकभाषेतील वक्तृत्वाविषयी’. त्यात त्याने दोन प्रकारच्या भाषा सांगितल्या. एक, जी मूल दाईच्या सहवासात, कोणताही नियम न शिकता उचलते, ती व्हल्गर. दुसरी, जी वर्षानुवर्षे अभ्यास करून साधते. तिला तो ‘ग्रामातिका’ म्हणतो. आणि या दोहोंत पहिली अधिक थोर, असा त्याचा निर्वाळा आहे.

ही विभागणी मराठी वाचकाला नवी वाटणार नाही. संस्कृत म्हणजे संस्कार केलेली आणि प्राकृत म्हणजे प्रकृतीने आलेली. ‘प्राकृत जन’ या शब्दप्रयोगात आपल्याकडेही सामान्य माणूस आणि हलका माणूस असे दोन्ही अर्थ एकमेकांना चिकटलेले आहेत. ज्ञानदेवांची ‘भावार्थदीपिका’ शके १२१२ची, म्हणजे १२९०ची. दांतेच्या ग्रंथाच्या अवघी दहा-पंधरा वर्षे आधीची. दोघांची गाठ पडण्याचा प्रश्न नव्हता. पण एकाच काळात, जगाच्या दोन टोकांना, दोन कवी ‘गर्दीच्या भाषे’च्या बाजूने उभे होते. फरक इतकाच की दांतेने व्हल्गर भाषेची थोरवी लॅटिनमध्ये सांगितली. ज्ञानदेवांनी मराठीची थोरवी मराठीतच सांगितली. पुढे एकनाथांनाही प्राकृतात लिहिण्याचे समर्थन करावे लागले, यावरून हा वाद किती चिवट होता ते कळते.

लोकभाषेला ‘चुकीची’ म्हणणाऱ्यांचे पुढे काय होते, याचा एक मजेदार दस्तऐवज आहे. लॅटिनच्या उतरत्या काळातील कोण्या मास्तराने २२७ नोंदींची एक यादी केली. ‘असे म्हणावे, तसे म्हणू नये’ असा तिचा साचा. ती ‘अपेंडिक्स प्रोबी’ या नावाने प्रसिद्ध आहे. त्यात मास्तर बजावतात की कानाला ‘औरिस’ म्हणावे, ‘ओरिक्ला’ म्हणू नये. आज फ्रेंचमध्ये कानाला ‘ओरेय’, स्पॅनिशमध्ये ‘ओरेखा’ आणि इटालियनमध्ये ‘ओरेक्यो’ म्हणतात. तिन्ही शब्द मास्तरांनी निषिद्ध ठरवलेल्या ‘ओरिक्ला’ची लेकरे आहेत. शिपायांनी, व्यापाऱ्यांनी, गुराख्यांनी बोललेल्या ज्या लॅटिनला पंडित ‘व्हल्गर लॅटिन’ म्हणतात, तिच्यातूनच या भाषा जन्मल्या.

आपल्याकडे पतंजलीने महाभाष्यात हेच म्हटले आहे की एका शुद्ध शब्दाचे अपभ्रंश अनेक असतात. ‘गो’चे ‘गावी’, ‘गोणी’, ‘गोता’, ‘गोपोतलिका’. यातला ‘गावी’ आपल्या ‘गाई’च्या किती जवळ आहे ते पाहा. लॅटिनचा कान ‘ओरिक्ला’तून गेला, संस्कृतचा ‘कर्ण’ प्राकृत ‘कण्ण’मधून ‘कान’ झाला. आज ‘कर्ण’ म्हणणारा माणूस घरात थट्टेचा विषय होईल. तरीही आपल्या शाळांत ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला वर्गासमोर उभे करून ‘पाणी’ वदवून घेतले जाते. प्रमाणभाषा शिकवू नये, असे माझे म्हणणे नाही. अर्ज, कायदा, विज्ञान यांना ती लागते. पण त्या मुलाच्या जिभेवर असलेल्या भाषेला ‘गावंढळ’ म्हणण्याचा अधिकार तिच्याबरोबर मिळत नाही.

जाता जाता एका जुळ्या विशेषणाची नोंद करतो. आपल्या भाषांना इंग्रज ‘व्हर्नाक्युलर’ म्हणत. १८७८चा देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा ‘व्हर्नाक्युलर प्रेस अ‍ॅक्ट’ होता आणि आमच्या आजोबांच्या पिढीची सातवीची परीक्षा ‘व्हर्नाक्युलर फायनल’ होती. या शब्दाच्या मुळाशी ‘व्हेर्ना’ हा लॅटिन शब्द आहे. त्याचा अर्थ घरात जन्मलेला गुलाम. ‘व्हल्गर’ निदान गर्दीतून आला. व्हर्नाक्युलर फायनल पास झाल्याचा अभिमान बाळगणाऱ्या आजोबांना हे ठाऊक नव्हते, ते बरेच झाले.

शिवी कधी झाली?

सामान्य हा शब्द हलका कसा होतो? त्याला एक जिना लागतो आणि त्या जिन्यावर चढू पाहणारी माणसे लागतात. ‘हॅम्लेट’ नाटकात परदेशी निघालेल्या मुलाला पोलोनियस उपदेश करतो की लोकांत मोकळेपणाने मिसळ, पण व्हल्गर होऊ नकोस. येथे अर्थ ‘सगळ्यांशी सलगी करून स्वस्त होऊ नकोस’ असा आहे. शिवी अजून पुरती पिकलेली नाही, पण पाड लागला आहे. सतराव्या शतकाच्या मध्यापासून असभ्य, हलक्या वळणाचा हा अर्थ इंग्रजीत रुळू लागला आणि व्यापाराने पैसा मिळवलेला मध्यमवर्ग जसजसा वाढला तसतसा तो धारदार झाला. ज्याचा दर्जा जन्माने ठरलेला असतो त्याला हा शब्द फारसा लागत नाही. तो लागतो कालपर्यंत खालच्या पायरीवर असलेल्याला, आजच्या पायरीवरचे आपले स्थान पक्के करण्यासाठी.

जेन ऑस्टिनच्या ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ या १८११च्या कादंबरीत मिसेस जेनिंग्ज नावाची एक म्हातारी आहे. मोठ्याने हसणारी, मुलींच्या लग्नांवरून चावट थट्टा करणारी. लेखिका तिला ‘व्हल्गर’ म्हणते आणि आपणही मान डोलावतो. पण पुढे थोरली बहीण संकटात असते आणि धाकटी तापाने फणफणते, तेव्हा साथीच्या भीतीने इतर लोक घर सोडतात. सेवेला राहते ती हीच बाई. ऑस्टिनने आपला शब्द मागे घेतलेला नाही. तिने फक्त दाखवून दिले की व्हल्गर असणे आणि वाईट असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जॉर्ज एलियटच्या ‘मिडलमार्च’मध्ये रोझमंड आपल्या आईच्या तोंडचा एक साधा बोलीतला शब्द व्हल्गर म्हणून नाकारते. तिचा भाऊ फ्रेड तिला ऐकवतो की, निवडक शुद्ध शब्द हीसुद्धा एका गटाची बोलीच आहे. रोझमंडचे आजोबा खाणावळ चालवणारे होते. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली की तिला आईच्या शब्दाचा एवढा राग का येतो ते समजते.

समीक्षेत या शब्दाला शस्त्राचे रूप आले ते पुढे. कार्ल मार्क्सने अर्थशास्त्राचे ‘अभिजात’ आणि ‘व्हल्गर’ असे भाग केले. वरवरच्या दिसण्यावर समाधान मानणारे ते व्हल्गर. काळाने सूड असा उगवला की साहित्यातली प्रत्येक गोष्ट थेट पोटापाण्याशी नेऊन भिडवणाऱ्या त्याच्याच अनुयायांना पुढे ‘व्हल्गर मार्क्सवादी’ म्हणू लागले. मराठीत यासाठी ‘ढोबळ’ हा शब्द उत्तम आहे. ऑल्डस हक्सलेने १९३०मध्ये ‘व्हल्गॅरिटी इन लिटरेचर’ या पुस्तिकेत एडगर अ‍ॅलन पो या कवीलाच पकडले; पोची नादमयता म्हणजे दहाही बोटांत हिऱ्याच्या अंगठ्या घालणे होय, असा त्याचा आशय. येथे व्हल्गरचा अर्थ ना सामान्य, ना असभ्य, ना अश्लील. येथे अर्थ आहे ‘अति’. मराठीत त्यासाठी ‘बटबटीत’ आहे. गरज नसताना वाढवलेला रंग, नसलेल्या भावनेचे रडणे, नको तिथे पेरलेले अलंकार. हा आरोप मला मान्य आहे, कारण तो कृतीवर आहे, माणसाच्या जन्मावर नाही.

ग्राम्य, अश्लील आणि न्यायालय

आपल्या काव्यशास्त्राने हे भेद फार आधी केले होते. मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’त ग्राम्य आणि अश्लील हे दोन वेगळे दोष आहेत. ग्राम्य म्हणजे केवळ सामान्य लोकांच्या तोंडी असलेला शब्द. अश्लील तीन तऱ्हेचे : लाज आणणारे, किळस आणणारे आणि अमंगल सुचवणारे. ‘अश्लील’ या शब्दाचीही कुळकथा पाहावी. मूळ ‘अश्रील’, म्हणजे ज्यात श्री नाही, शोभा नाही ते. म्हणजे मुळात हा शब्द केवळ लैंगिक नव्हता. मरणाची अशुभ सूचनाही त्यात बसत होती.

ग्राम्य दोषाचे उदाहरण म्हणून मम्मटाने दिलेला शब्द कोणता? ‘कटी’. कंबर या अर्थाचा हा शब्द काव्यात आला, म्हणून त्याने नाक मुरडले. तोच शब्द पंढरपुरात विठोबाच्या मूर्तीला लागला आणि पवित्र झाला. आज ‘कटी’ म्हटले की मराठी कानाला कीर्तन आठवते, ग्राम्यता नव्हे. अकराव्या-बाराव्या शतकातील काश्मिरी पंडिताचा दोष वारकऱ्यांनी देव्हाऱ्यात नेऊन ठेवला. शब्द ग्राम्य असतो की ऐकणारा नागर असतो, या प्रश्नाचे याहून चांगले उत्तर मला सापडलेले नाही.

हा भेद कळला नाही तर केवळ वाङ्मयीन घोटाळा होतो असे नाही. माणसे कोर्टात उभी राहतात. १८६८च्या इंग्लंडमधील हिकलिन खटल्याची कसोटी आपल्या न्यायालयांनी दीर्घकाळ वापरली. ज्यांची मने अशा प्रभावाला उघडी आहेत त्यांना बिघडवण्याची, भ्रष्ट करण्याची प्रवृत्ती लिखाणात आहे काय, ही ती कसोटी. याच कायद्याखाली र. धों. कर्वे यांच्यावर ‘समाजस्वास्थ्य’मधील मजकुरासाठी खटले झाले. १९३४च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. कर्वे यांनी वाचकांच्या शरीरविषयक प्रश्नांना साध्या भाषेत उत्तरे दिली, एवढाच त्यांचा गुन्हा. साधी भाषा म्हणजे असभ्य, असभ्य म्हणजे अश्लील, अशी ती घसरगुंडी होती. कर्वे तो खटला हरले.

दिवाळी अंकाच्या वाचकांनी विसरू नये असा खटला पुढचा आहे. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकर यांची ‘श्यामा’ ही कादंबरी आली. तिच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला, उच्च न्यायालयाने शिक्षा केली आणि १९६९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लेखकाला निर्दोष ठरवले. निकालात कादंबरीचे कौतुक नाही. ती फार वरच्या वाङ्मयीन दर्जाची नसेल, लेखकाची अपरिपक्वताही तीत दिसत असेल, पण तेवढ्याने ती अश्लील ठरत नाही, असा न्यायालयाचा आशय होता. समीक्षेचे काम समीक्षेकडे आणि गुन्ह्याचे काम कायद्याकडे, अशी ही वाटणी होती.

बंगालीत असेच झाले. समरेश बसू यांची ‘प्रजापति’ ही कादंबरी १९६७मध्ये ‘देश’च्या शारदीय अंकात, म्हणजे त्यांच्या दिवाळी अंकात, छापली गेली. खालच्या न्यायालयांनी शिक्षा केली. १९८५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द करताना ‘व्हल्गर’ आणि ‘ऑब्सीन’ हे दोन शब्द स्वच्छ वेगळे काढले. व्हल्गर लिखाण वाचकाला शिसारी आणेल, कंटाळा आणेल. पण ते त्याला बिघडवतेच असे नाही, आणि म्हणून ते अश्लील ठरतेच असे नाही. मार्च २०२४मध्ये एका वेबमालिकेतील शिवराळ संवादांच्या प्रकरणात न्यायालयाने हाच विचार पुन्हा मांडला : शिवी असभ्य असेल, तेवढ्याने ती अश्लील होत नाही. भारतीय दंड संहितेचे कलम २९२ आता भारतीय न्याय संहितेत कलम २९४ झाले आहे. क्रमांक बदलला, भेद पाळण्याची जबाबदारी तीच आहे.

आता हा निकाल मराठीत सांगायचा झाला तर अडचण कोठे येते पाहा. ‘ऑब्सीन’ला आपण अश्लील म्हणतो आणि बोलण्याच्या ओघात ‘व्हल्गर’लाही अश्लीलच म्हणतो. मग ‘अश्लील असले तरी अश्लील नाही’ असे हास्यास्पद वाक्य तयार होते. ज्या भाषेत मम्मटाचे दोन दोष शिकवले जातात त्या भाषेवर ही वेळ यावी, याचे वाईट वाटते.

कोणाला म्हणतो आहोत?

१९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली आणि मग तो ‘सुधारण्या’साठी समिती नेमली. तमाशात शिवराळपणा नव्हता असे कोणी म्हणणार नाही. पण सुधारण्याची गरज ज्यांना वाटली ते लोक कोण होते आणि ज्यांचे पोट फडावर होते ते लोक कोण होते, हे पाहिले की विशेषणाची दिशा कळते. पेशवाईतल्या शाहिरांच्या शृंगारिक लावण्या विद्यापीठात अभ्यासाला असतात. हाल सातवाहनाच्या ‘गाथासप्तशती’तल्या प्राकृत गाथांवर प्रबंध होतात आणि त्यांत काही कमी मोकळेपणा नाही. जुन्यावर धूळ बसली की शृंगार, ताजे असले की व्हल्गर. दादा कोंडके यांच्या द्व्यर्थी संवादांना नाके मुरडणारे नागर प्रेक्षक संस्कृत नाटकातील विदूषकाच्या विनोदाला ‘परंपरा’ म्हणतात.

याचा अर्थ सगळे चालते, असा नाही. जत्रेत बाईच्या अंगावर नोटा फेकणारा पुरुष मला हलकट वाटतो आणि तसे म्हणायला मी कचरणार नाही. पण तेथे हलकटपणा फेकणाऱ्याचा आहे, नाचणारीचा नाही. ‘व्हल्गर’ हा शब्द नेमका हीच चलाखी करतो. तो ‘कार्यक्रम व्हल्गर होता’ असे सांगतो आणि त्या वाक्यात कर्ता सापडत नाही. जे म्हणायचे ते मराठीत म्हटले की कर्ता शोधावा लागतो : कोण अचकट-विचकट बोलले, कोणी भपका केला, कोणाचा विनोद सवंग होता, कोणाचे लिखाण थिल्लर होते, कोणाची थट्टा चावट होती. यातला प्रत्येक शब्द वेगळा आरोप आहे आणि प्रत्येक आरोपाला वेगळा पुरावा लागतो.

म्हणून समीक्षा लिहिणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे. ‘व्हल्गर’ लिहिण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. ही गोष्ट केवळ पुष्कळांची आहे म्हणून मला नकोशी वाटते का? तसे असेल तर शब्द ‘रूढ’, ‘लोकप्रिय’ किंवा ‘व्यवहारी’ आहे आणि त्यात निंदेला जागा नाही. ती माझ्यापेक्षा वेगळ्या जातीच्या, गावच्या, वर्गाच्या माणसांची आहे म्हणून नकोशी वाटते का? तसे असेल तर दोष विशेषणाचा नाही, ते वापरणाऱ्याचा आहे. की तिच्यात खरोखर काही अति, खोटे किंवा माणसाला खाली ओढणारे आहे? तसे असेल तर बटबटीत, सवंग, हीन यांपैकी जो शब्द लागू पडेल तो नाव घेऊन, उदाहरण देऊन वापरावा. समोरच्याला मग उत्तर तरी देता येते. ‘व्हल्गर’ला उत्तर देता येत नाही, फक्त मान खाली घालता येते.

माझ्या दुकानात ते मलम अजून विकले जाते. माहितीपत्रकावरचे ‘व्हल्गॅरिस’ मी बदलू शकत नाही आणि बदलायचे कारणही नाही, कारण तेथे तो शब्द आपले जुने, प्रामाणिक काम करतो आहे. कोणी विचारले तर मी इतकेच सांगतो, “काही नाही, सगळ्यांना होतं ते.” दोन हजार वर्षांपूर्वी या विशेषणाचा अर्थ याहून फारसा वेगळा नव्हता.